फोंड्यातील बिनपाटीचे पेटीचे दुकान आणि आजोबांची बंद पट्टी

फोंड्याच्या जुन्या बाजारातून आत वळणाऱ्या एका बोळात, भुसारी दुकान आणि शिंप्याचे दुकान यांच्या मधोमध, पेटी, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करणाऱ्या एका मेस्ताची (कारागिराची) जेमतेम दहा फूट रुंदीची खोली आहे. तिला पाटी नाही. जागा ओळखावी लागते ती आतून येणाऱ्या एकाच लांबलचक सुरावरून. मेस्त एक पट्टी दाबून धरतात, मान कलती करून ऐकतात, थांबतात, पुन्हा तीच पट्टी दाबतात, आणि शेजारच्या शिंप्याला या आवाजाची इतकी सवय झालेली आहे की आवाज थांबला तरच तो मान वर करून पाहतो. घरात माळ्यावर किंवा देवघराच्या कोपऱ्यात आजा-पणजाची पेटी पडून आहे, ती दुरुस्तीला द्यावी की मोडीत काढावी हे ज्यांचे ठरत नाही, त्यांच्यासाठी मी या दुकानाबद्दल लिहीत आहे. दुकानाबद्दल लिहायचे तर आजोबांबद्दल लिहावे लागेल, कारण माझ्या आजोबांविषयीची एक गोष्ट मला या दुकानात कळली आणि ती चाळीस वर्षे त्यांच्या मांडीला मांडी लावून बसूनही मला कळली नव्हती.

आजोबा गेल्या वर्षी मार्गशीर्षात वारले तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांचे होते. सावईवेऱ्याच्या बाजूला एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, कुळागरात त्यांचे सगळे आयुष्य गेले. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, कुळागर म्हणजे डोंगराच्या कुशीत, झऱ्याच्या पाण्यावर वाढलेली सुपारीची बाग, जिच्यात सुपारीच्या अंगावर मिरीचे वेल, खाली केळी आणि कडेने माड, फणस असा सगळा संसार असतो. या संसाराला रोज पाणी पाजावे लागते. आजोबा पहाटे पाच वाजता पाटाची तोंडे उघडायला जात, एका वाफ्याचे पाणी भरले की मातीचा बांध फोडून ते दुसऱ्याकडे वळवीत, आणि उन्हे वर येईपर्यंत त्यांचे पाय घोट्यापर्यंत चिखलात असत. सुपारी काढण्याच्या दिवसांत पायांत दोरीची कडी अडकवून ते झाडावर चढत. एका झाडाचे घड उतरवून झाले की खाली न येता, झाडाला झोका देऊन, शेंडा वाकवून शेजारच्या झाडावर जात. असे करीत ते बागेच्या एका टोकाला चढले की दुसऱ्या टोकाला उतरत. हे काम त्यांनी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षापर्यंत केले, आणि थांबले तेही आजीने दोरी लपवून ठेवली म्हणून. उतरवलेली सुपारी खळ्यात चाळीसेक दिवस वाळवायची, सोलायची, प्रतवारी लावायची आणि पोती फोंड्याला बागायतदार सोसायटीत पोचवायची, एवढे झाल्यावर वर्ष संपत नसे. माडांची आळी, कुंपण आणि पावसाने वाहून गेलेले बांध त्यांची वाटच पाहत असत.

पेटी त्यांनी १९७४ साली बेळगावहून आणली. ती जुनीच होती, साडेतीन सप्तकांची, दुहेरी सुरांची, सागवानी खोक्याची. किती पैसे मोजले हे त्यांनी कधी सांगितले नाही आणि आजीने कधी माफ केले नाही. रीतसर शिक्षण त्यांना कुणीच दिलेले नव्हते. देवळाच्या उत्सवात होणाऱ्या संगीत नाटकांच्या तालमींना पेटीवाल्याच्या पाठीमागे बसून जे डोळ्यांनी उचलता आले तेवढेच त्यांचे शिक्षण. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी आणली होती आणि ती तीसेक वर्षे टिकली, म्हणजे आजोबांच्या उमेदीच्या सगळ्या काळात रेडिओवरच्या गायकाबरोबर पेटी वाजतच नव्हती. हे मी त्यांना एकदा मोठ्या विद्वत्तेने सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "रेडिओ आमच्याकडे होता कुठे?"

त्यांच्या कामाचे आणि पेटीचे वेळापत्रक एकमेकांच्या आड यायचे. सुपारीवर पावसाळ्यात कोळे रोग पडतो, फळे कुजून गळतात, आणि त्यावरचा सर्वांच्या हातचा उपाय म्हणजे बोर्डो मिश्रण: शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. पहिली फवारणी पाऊस सुरू होण्याआधी करायची आणि दुसरी सुमारे चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, म्हणजे नेमकी आषाढीच्या आगेमागे, पावसाने उघडीप दिली की त्याच दिवशी. देवळात भजन उभे राही तेही त्याच दिवसांत. आजोबा फवारणी संपवून, विहिरीवर चार बादल्या अंगावर ओतून थेट देवळात येत, पण मोरचुदाची निळाई नखांतून आणि बोटांच्या भेगांतून जात नसे. लहानपणी मला वाटे की पेटी वाजवणाऱ्यांची बोटे निळीच असतात. श्रावण शुद्ध सप्तमीला वास्कोच्या दामोदर सप्ताहाला गावचे भजनी पथक जाई. तिथे चोवीस तास भजन खंडू द्यायचे नसते, आणि दिवसभर झाडावर काढलेला हा माणूस टेम्पोत मागच्या बाजूला पेटी मांडीवर घेऊन बसे, पावसाचे पाणी लागू नये म्हणून तिच्यावर स्वतःची घोंगडी टाकी आणि आपण भिजत जाई.

त्यांच्यामागे पेटीची अवस्था वाईट झाली. गोव्यातला पावसाळा लाकडी वाद्याला मानवत नाही. पट्ट्या फुगून एकमेकींना घासतात, चामडी कडक होते, तारा गंजतात, आणि पेटी बंद पडून राहिली की आत झुरळांचा प्रपंच सुरू होतो. आमच्या पेटीचा भाता कोपऱ्यांत फाटला होता आणि एक सूर लावला की आणखी तीन आपणहून कण्हत. धाकट्या काकांनी ती प्रथम वाद्यांच्या एका मोठ्या, वातानुकूलित दुकानात नेली. तिथल्या तरुणाने झाकण उघडले, आत एकदा डोकावून पाहिले आणि बावीस हजारांची नवी पेटी दाखवली. जुनीचे हजार रुपये वजा करू म्हणाला. त्याच्या हिशेबात चूक नव्हती. काका जवळजवळ तयारही झाले होते, पण आजीने "ती पेटी घरात परत येऊ दे, मग काय ते बघा" असा निरोप धाडला आणि देवळातल्या पखवाजवाल्यांनी फोंड्याच्या या मेस्ताचे नाव सुचवले.

दुकानात बसायला जागा नाही. दोन बाजूंना भिंतीच्या आधाराने पेट्या रचलेल्या, वर दोरीला भात्यांचे पुठ्ठे वाळत टांगलेले, सरसाचा आणि जुन्या लाकडाचा वास, आणि समोर पंडित तुळशीदास बोरकरांचा फोटो. बोरकर जवळच्या बोरीचे, १९३४ चा जन्म, २०१६ साली पद्मश्री, २०१८ मध्ये निवर्तले. पेटीवर एकल वादन करता येते हे ज्यांनी सिद्ध करून दाखवले त्यांच्यापैकी एक. त्यामुळे फोंडा तालुक्यातील पेटीवाल्याकडे हा फोटो असणे स्वाभाविकच आहे. मेस्तांचे वय साठीच्या आसपास असावे. त्यांनी पेटी ठेवून घेतली, चहा मागवला आणि पेटीला काय झाले आहे हे विचारण्याऐवजी ती कोण वाजवत होते असे विचारले. मी "आजोबा" म्हणालो. "फवारणी करायचे का?" हा त्यांचा दुसरा प्रश्न.

मी चकित झालो तेव्हा त्यांनी भात्याच्या मुठीजवळचे लाकूड उजेडात धरले. पॉलिश उडालेल्या जागी लाकडाच्या रेषांत फिकट निळसर पांढुरकी छटा मुरली होती. फवारणी करणाऱ्यांच्या पेट्या त्यांच्याकडे याआधीही आलेल्या होत्या. मग त्यांनी झाकण काढले आणि काळ्या पट्ट्यांवरून बोट फिरवले. आजोबा काळी दोनमध्ये वाजवत, म्हणजे दुसरी काळी पट्टी हा त्यांचा षड्ज, आणि भैरवीत त्या पट्टीचे मध्यम, पंचम, कोमल गंधार हे सगळे काळ्या पट्ट्यांवरच येतात. त्यामुळे काळी दोन, तीन, चार आणि पाच यांचा रंग जाऊन खालचे लाकूड दिसू लागले होते, आणि काळी तीनच्या मधोमध तर बोटाचा खळगा पडला होता. एक पट्टी मात्र काल रंगवल्यासारखी चकचकीत होती. ती होती तार षड्जाच्या खालची काळी एक, म्हणजेच आजोबांच्या हिशेबाने मध्य सप्तकातला कोमल निषाद. मेस्तांनी ती दाबून पाहिली, ती दबेना. "कोमल निषादाशिवाय भैरवी कशी वाजवत होते?" असे त्यांनी मला विचारले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

पट्ट्यांची रांग सोडवल्यावर उत्तर सापडले. त्या पट्टीच्या पुढच्या टोकाखाली सायकलच्या ट्यूबचा, चार घड्या घातलेला, बोटाच्या पेराएवढा तुकडा ठोसून बसवला होता. पट्टीला दाबल्यावर परत जागेवर आणणारी तार गंजून तुटली होती. अशी तार तुटली की मागची चामडी भोकावर नीट बसत नाही आणि भात्याला हात लावताच तो सूर न थांबता वाजत राहतो. आजोबांनी रबर कोंबून पट्टी पुढून उचलून धरली होती, म्हणजे मागचे भोक कायमचे बंद. दुरुस्ती त्यांच्यापुरती पक्की होती, फक्त तो सूर पेटीतून गेला होता. रबराच्या कडा खापरीसारख्या कडक झालेल्या पाहून मेस्तांनी त्याचे वय वीस वर्षांच्या पुढचे सांगितले.

घरी येऊन मी आजीला विचारले. तिला सगळे माहीत होते. तिला कुणी विचारलेच नव्हते. आमचे घर भाटकाराच्या जमिनीत होते, आणि १९७५ च्या मुंडकार कायद्याने आजोबांसारख्या मुंडकारांना, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांना, ते घर आणि त्याखालची जमीन विकत घेण्याचा हक्क दिला, पण हक्क कायद्यात असणे आणि कागद हातात येणे यांच्यामध्ये मामलेदार कचेरीच्या कित्येक वर्षांच्या फेऱ्या होत्या. शेवटी पैसे भरण्याची वेळ आली त्याच पावसाळ्यात पेटीची तार तुटली. पेटी दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेले पैसे घराच्या कागदांत गेले. "पाऊस संपला की नेईन म्हणाले होते," आजी म्हणाली, "पाऊस त्यांचा कधी संपलाच नाही." त्यानंतर आजोबा धैवतावरून सरळ षड्जावर जात आणि मधला निषाद गळ्याने घेत. मी त्यांच्या बाजूला बसून टाळ वाजवत होतो. ते त्या एका जागी डोळे मिटून मान वर करून गात, ती मला भक्ती वाटे. भक्ती असेलही, पण तिथे पट्टी बंद होती.

आता कामाबद्दल. मेस्तांनी बाहेरचा भाता पूर्ण नवीन केला, कारण जुना पुठ्ठा कुजला होता. घड्यांच्या कोपऱ्यांना रेक्झीन न लावता मऊ चामडी लावली, जी महाग पडते पण भाता हलका चालतो. आतल्या भात्याच्या स्प्रिंगा बदलल्या. सगळ्या पट्ट्यांच्या तारा पितळी घातल्या आणि खालची चामडी नवीन चिकटवली. सूर, म्हणजे आवाज देणाऱ्या आतल्या पितळी पात्या, मात्र जुनेच ठेवले. त्यांचे म्हणणे असे की पितळेचे जुने सूर हातात धरले की कळतात, आणि आज त्या तोडीचे मिळवायचे तर पेटीपेक्षा त्यांचीच किंमत जास्त होईल. त्यामुळे त्यांनी एकेक सूर काढून साफ केला, जिथे उतरला होता तिथे टोकाकडून आणि जिथे चढला होता तिथे बुडाकडून हलकेच घासून जुळवला. मोबाइलवरचे सूर दाखवणारे ॲप त्यांच्याकडे आहे, पण ते त्याने सुरुवात करतात आणि षड्ज-पंचमाची जोडी कानाने लावून शेवट करतात. झिजलेल्या काळ्या पट्ट्या रंगवायच्या का, असे त्यांनी विचारले आणि माझे उत्तर येण्याआधीच "नको" म्हणाले. या एका शब्दासाठी मी त्यांना मोठ्या दुकानाच्या वर ठेवतो. खोक्याला त्यांनी फक्त तेलाचा हात दिला. मुठीजवळची निळाई जशीच्या तशी आहे.

काकांना तिच्यात स्केल चेंजर बसवून हवा होता, म्हणजे माझ्या पुतण्याला कोणत्याही पट्टीत गाणाऱ्याला साथ करता येईल. मेस्तांनी नकार दिला: या खोक्यात तो बसवायचा तर आतला सांगाडा कापावा लागेल. काका अजून नाराज आहेत आणि त्यांची बाजूही मला समजते. वाद्य वापरण्यासाठी असते, आणि ज्याला साथीदार म्हणून चार ठिकाणी जायचे आहे त्याने ही पेटी दुरुस्त करण्यापेक्षा नवी घेणे बरे.

तक्रारी मात्र खऱ्या आहेत आणि त्या लपवण्याचे कारण नाही. मेस्तांनी तीन आठवडे सांगितले होते, लागले नऊ. पेटी चतुर्थीला घरी हवी होती. घुमट या मातीच्या वाद्यावर होणाऱ्या आरतीला पेटी लागत नसली तरी आमच्याकडे पहिल्या रात्रीचे भजन आजोबांच्या पेटीवरच होत आले आहे, आणि आजोबांच्या मागची पहिलीच चतुर्थी आम्ही शेजाऱ्यांच्या उसन्या पेटीवर भागवली. मी पाच वेळा गेलो आणि पाचही वेळा "फाल्यां" ऐकले. हा शब्द शब्दकोशात "उद्या" असा असेल, पण गोव्यात त्याचा अर्थ "आज नव्हे" एवढाच आहे हे आम्हां गोंयकारांना ठाऊक असूनही आम्ही पुन्हा पुन्हा जातो. फोन ते उचलत नाहीत. खर्चाचा आधी अंदाज विचारला तर "उघडल्यावर सांगतो" म्हणतात, आणि उघडल्यावर विसरतात. शिवाय त्यांनी एका तुटलेल्या स्टॉपरच्या जागी पिवळाधमक नवा मुठा बसवला आहे, जो त्या जुन्या पितळी रांगेत सोन्याच्या दातासारखा दिसतो. बदलून द्या म्हटले तर "काळा पडेल" म्हणाले. अजून पडलेला नाही.

एकूण सात हजार आठशे रुपये झाले. ही रक्कम नव्या पेटीच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडी अधिक आहे, आणि कामाच्या मानाने मला ती रास्त वाटली.

पेटी घरी आल्यावर पहिल्या गुरुवारी नेहमीची मंडळी जमली. सोळा वर्षांचा पुतण्या बसला, जो शाळेनंतर संगीत शिकायला जातो आणि ज्याची बोटे आजोबांपेक्षा कितीतरी शिस्तीत चालतात. पेटीचा आवाज खुलला आहे यावर सगळ्यांचे एकमत झाले. पूर्वी भाता सतत हाकावा लागे, आता एका दाबात अख्खी ओळ निघते. जुन्या मंडळींना षड्ज किंचित उतरल्यासारखा वाटला, आणि ते बरोबर आहे, कारण मेस्तांनी आमच्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याशी जुळावा म्हणून तो आजच्या मापाला आणला आहे. शेवटी भैरवी झाली. पुतण्याने धैवतावरून निषादाला हात घातला आणि तो सूर, जो या घरात इतकी वर्षे फक्त आजोबांच्या गळ्यातून आला होता, पेटीतून स्वच्छ निघाला. पखवाजवाले क्षणभर ठेका धरूनच राहिले. आत स्वयंपाकघरात आजी तांदूळ निवडत होती, तिने तिथूनच विचारले, "कोण गातोय?"

ज्यांना जायचे आहे त्यांनी सकाळी दहानंतर आणि दुपारच्या झोपेच्या आधी जावे, जत्रांच्या दिवसांत जाऊच नये, कारण तेव्हा मेस्त स्वतः कुठल्यातरी देवळात वाजवत असतात. पेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेल्यास बोलणी खावी लागतात. दमट हवेत प्लास्टिकने आत पाणी सुटते, त्यापेक्षा जुनी सुती चादर बरी. पावसाळ्यात रोज दहा मिनिटे तरी पेटी वाजवा, न वाजवणाऱ्याची पेटी पुन्हा घेणार नाही, अशी ताकीद ते प्रत्येकाला देतात. सणासाठी हवी असेल तर सणाच्या तीन महिने आधी द्या.

छापील पावती मिळत नाही. मी आग्रह धरला तेव्हा मेस्तांनी भिंतीवरच्या कालनिर्णयाचे गेल्या महिन्याचे पान फाडून त्याच्या पाठीवर हिशेब लिहून दिला: भाता, चामडी, तारा, स्प्रिंगा, सुरांची सफाई, एक मुठा, आणि सर्वांत खाली, पैशांच्या रकान्यात आडवी रेघ मारून, "रबराचा तुकडा १, परत दिला."